उद्या शुभांशू उतरणार, आणि आमच्या घरात केर काढायला बंदी

पन्हाळ्याचं_धुकं (धागाकर्ता)
सोमवार, १४ जुलै २०२५, रात्री १०.५२

आज पावणेपाचच्या सुमारास शुभांशू शुक्लांचं यान अवकाश स्थानकापासून सुटलं. आईनं टीव्हीवर बघितलं, हात जोडले. जाहिराती लागल्या म्हणून मी केरसुणी उचलली तर ओरडलीच. "आत्ता निघालंय न्हवं पोरगं? पोचू दे की!"

घरातनं माणूस बाहेरगावी निघालं की लगेच केर काढत नाहीत, हे आमच्यात आहेच. पुण्याच्या गाडीपर्यंत ठीक होतं. प्रशांत महासागरापर्यंत हा नियम लागू होतो हे आज कळलं.

त्यात आज संकष्टी. पावसात चंद्र काही दिसला नाही, पंचांगातली वेळ बघून दहाच्या पुढं तिनं नैवेद्य दाखवला आणि दोन घास खाल्ले. खाताना मला प्रश्न. यानाला एवढी आग लागते तर आतली माणसं भाजत कशी नाहीत? कल्पना चावलाचं असंच येताना झालं न्हवं? मग सुनीताला ज्या यानातनं नेलं त्यातनं परत का आणलं नाही, त्यात काय होतं?

मी आपलं "काही होत नाही गं" म्हणालो. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मलाच शरम वाटली. गेल्या महिन्यात अहमदाबादला जे झालं त्यानंतर ती विमानाचा आवाज आला तरी दारात जाऊन वर बघते. सकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावरही हाच विषय होता: निघतानाच पाच-सहा वेळा तारीख पुढं ढकलली, यान धड हाय का?

ज्यांना माहीत आहे त्यांनी लिहा. आईला वाचून दाखवणार आहे, तेवढं भान ठेवा.

---

तांबडा_पांढरा
रात्री १०.५८

काकूंना सांग, त्या यानाच्या वाटेत खड्डे नाहीत. आमच्या कॉलनीतनं स्टँडपर्यंत जाऊन दाखव म्हणावं शुभांशूला.

---

उद्यमनगरी_भट्टी
रात्री ११.२०

काकूंचा पहिला प्रश्न माझ्या धंद्यातला आहे. वीस वर्षं फाउंड्रीत काढलीत.

आम्ही वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओततो ते १४०० डिग्रीच्या आसपास. ते ज्या लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, घेतो तिचं कवच साध्या पोलादाचं. तरी ते वितळत नाही, कारण आतनं अस्तर लावलेलं असतं. यानाचं तेच, फक्त उलटं. आग बाहेर, अस्तर बाहेर, माणसं आत. आणि आमचं अस्तर टिकावं म्हणून लावतात, यानाचं जळावं म्हणून. वरचा थर जळतो, कोळसा होतो, झडतो आणि जाताना उष्णता बरोबर घेऊन जातो. बाहेर दीड हजाराच्या वर तापमान जातं आणि आत माणसं बसलेली असतात.

आग घर्षणानं लागते असं शाळेत सांगायचे, ते अर्धंच खरं. ताशी २८ हजार किलोमीटरच्या वेगानं यान आलं की समोरच्या हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. ती दाबली जाते, आणि दाबली की तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक चटका देतं, तसंच.

आता खरी भीती कुठं आहे ते सांगतो. मी नवीन असताना ज्या कारखान्यात होतो तिथं एका पाळीत लॅडल नीट तापवून घेतली नव्हती. अस्तरात ओल राहिली. बीड आत पडलं, ओलीची वाफ झाली, वाफेला बाहेर पडायला वाट नाही. अस्तराचा पोळीएवढा तुकडा फटाक्यासारखा उडाला. माझ्या उजव्या बुटावर ठिणग्या पडल्या, चामड्याला सात भोकं. ते बूट अजून माळ्यावर आहेत.

नासाच्या ओरायन यानाचं नेमकं हेच झालं. डिसेंबर २०२२ मध्ये चंद्राला फेरी मारून ते माणसांशिवाय परत आलं. उतरलं झकास, पण बघतात तर अस्तराचे शंभरावर ठिकाणी टवके गेलेले. दोन वर्षं शोधल्यावर कारण निघालं: जळताना अस्तराच्या आत गॅस झाला आणि त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही. साच्यातली वाळू गच्च बसली, वायूला बाहेर जायला वाट (व्हेंट) दिली नाही, की ओतलेल्या मालात पोकळ भोक (ब्लो होल) पडतं, हे आमच्याकडं पहिल्या महिन्यातल्या पोराला शिकवतात. मी ती बातमी वाचून एकटाच हसलो होतो. हसण्यासारखं नव्हतं खरं तर.

पण काकू, ते यान वेगळं. ते चंद्रावरनं येत होतं, वेग ताशी ४० हजारांच्या घरात. शुभांशूचं ड्रॅगन फक्त ४०० किलोमीटरवरनं येतंय आणि त्याचं अस्तरही वेगळ्या जातीचं आहे. त्या जातीच्या यानातनं माणसं २०२० पासनं ये-जा करतायत.

---

पन्हाळ्याचं_धुकं (धागाकर्ता)
रात्री ११.३१

वाचून दाखवलं. आईचा निरोप: "त्या भाऊला म्हणावं बूट टाकून दे, घरात ठेवू नको."

---

जुना_मास्तर
रात्री ११.४०

तुमच्या आईंच्या वयाचा आहे, म्हणून लिहितो. ११ जुलै १९७९. मी कागल तालुक्यातल्या आमच्या गावी, आठवीत. स्कायलॅब पडणार, स्कायलॅब पडणार असा महिनाभर घोष चाललेला. अमेरिकेचं रिकामं अवकाश स्थानक, वजन ७७ टन, आणि पडणार कुठं ते त्यांनाच ठाऊक नाही. कुठल्याही माणसाला तुकडा लागण्याची शक्यता १५२ ला १, असं नासानं सांगितलं होतं. अख्ख्या जगात मिळून हं. गावात त्याचा अर्थ झाला, दीडशे माणसांत एक जाणार. मग गावातले किती, याचा हिशेब चावडीवर सुरू.

लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या. उद्या राहतोय कोण? आमची आजी भारी चिकट बाई, पण त्या रात्री तिनं माळ्यावरची गुळाची ढेप खाली काढली आणि आम्हा पोरांपुढं ठेवली. "खावा. उद्याचं काय खरं न्हाई."

आपल्याकडं रात्रीचे दहा वाजून गेले होते तेव्हा ते कोसळलं. हिंदी महासागरात आणि पुढं पश्चिम ऑस्ट्रेलियात, एस्परन्स गावाच्या आसपास. माणूस एकही दगावला नाही. तिथल्या नगरपालिकेनं नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलर दंड ठोकला, असले खमके लोक.

सकाळी उठून बघतो तर आभाळ जागेवर, ढेप निम्मी. आजी पुढं वर्षभर चहात गूळ घालताना स्कायलॅबला शिव्या द्यायची.

---

पेठेतला_पैलवान
रात्री ११.४४

मास्तर, एक नंबर 😂 ढेपेचा दंड नासाकडनं वसूल करायला पाहिजे होता.

---

सिंदेवाहीची_सून_कोल्हापुरात
रात्री ११.५७

हसा तुम्ही. माझं माहेर चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाहीजवळ. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. रात्री पावणेआठच्या सुमारास आकाशात जळत्या रेघा दिसल्या. भावानं मला व्हिडिओ कॉल केला, आवाज कापत होता. थोड्या वेळानं कळलं, लाडबोरी गावात तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलंय. तापलेलं. मग पुढच्या दिवसांत आसपासच्या गावांतनं धातूचे गोळे सापडायला लागले. चिनी रॉकेटचा भाग असावा असं जाणकार म्हणाले. कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब.

म्हणजे आईंना शुभांशूची काळजी वाटते ती वेगळी आणि आम्हाला वाटते ती वेगळी. तो परत येणार म्हणून सगळा देश जागा. पण जे परत आणायचंच नसतं, नुसतं सोडून दिलेलं असतं, ते कुणाच्या डोक्यावर येतंय याची रात्र कुणी जागत नाही.

---

उद्यमनगरी_भट्टी
रात्री १२.०५

ताई, खरं आहे. ते कडं उरलं कारण ते रॉकेटचं धडधाकट धातूकाम होतं. बाकी पातळ पत्रा वरच जळून जातो. टाक्या, गोळे, कडी खाली पोचतात.

---

शाहूपुरीची_लेक
रात्री १२.२५

कल्पनाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. काकू झोपल्या असतील तर उद्या दाखवा, किंवा नका दाखवू.

१ फेब्रुवारी २००३, शनिवार. किरणोत्सवाचे दिवस. मी दहावीत. आत्याबरोबर अंबाबाईच्या देवळात गेले होते. गर्दीत मला किरणं दिसलीच नाहीत, पुढच्या बाईचा अंबाडा तेवढा दिसला. नंतर महाद्वार रोडला बांगड्या बघत रेंगाळलो. निघताना एका दुकानातल्या टीव्हीपुढं माणसं उभी. मॅच असेल म्हणून मी मान घातली. निळ्या आकाशात पांढरी रेघ, मग तिच्या दोन, मग तीन. दुकानदार कुणाला तरी परत सुट्टे पैसे देत होता, हात तसाच थांबलेला.

आमच्या वर्गात कल्पनाचं चित्र लावलेलं होतं. मीच कापलं होतं पेपरमधनं.

नंतर मी त्याबद्दल मिळेल ते वाचलं. तिच्या कोलंबिया यानाच्या उड्डाणानंतर ८२ सेकंदांच्या आत बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. वजन जेमतेम पाऊण किलो. यान सोळा दिवस वर होतं, सगळं सुरळीत. सातही जण हसतखेळत काम करत होते. येताना त्या भोकातनं तापलेला वायू पंखात शिरला. जमिनीला टेकायला सोळा मिनिटं उरली होती.

मला झोप येऊ देत नाही ती गोष्ट वेगळीच. यान वर असतानाच काही इंजिनियरांना शंका आली होती. पंखाचे फोटो काढून घ्या, असं त्यांनी सांगितलं होतं. वरिष्ठांनी ती मागणी पुढं जाऊ दिली नाही. फोम म्हणजे थर्माकोलसारखं हलकं, त्यानं काय होतंय? पुढं जुलैमध्ये तसाच तुकडा पंखाच्या तसल्याच कडेवर ताशी साडेआठशे किलोमीटरनं मारून बघितला. सोळा इंचांचं भगदाड पडलं. बघणाऱ्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही.

म्हणून "काही होत नाही गं" हे वाक्य मला चालत नाही, धुकंदादा. तुमच्या आईंनी बरोबर बघितलं तुमच्याकडं.

काकूंच्या जिवाला बरं वाटावं म्हणून एवढंच: कोलंबिया टाकीच्या अंगाला चिकटून उडायचं, वरचं काही सुटलं की त्याच्यावर पडणार. ड्रॅगन रॉकेटच्या शेंड्यावर बसतं, त्याच्यावर पडायला वर काहीच नसतं. आणि त्याचं उष्णताकवच खालच्या बाजूला, ट्रंक म्हणतात त्या भागाखाली झाकलेलं राहतं. उतरायच्या थोडं आधी ट्रंक सोडून देतात, तोवर कवचाला वारा लागत नाही.

---

करवीर_कट्टा
मंगळवार, १५ जुलै, सकाळी ७.१०

सगळं वाचलं. पण दुसरी बाजूही बघा. सुनीता विल्यम्सला ज्या स्टारलायनरनं नेलं ते सप्टेंबर २०२४ मध्ये रिकामं परत आणलं, आणि ते न्यू मेक्सिकोत अलगद उतरलं! म्हणजे ती त्यातनं आली असती तर आठ दिवसांचे नऊ महिने झाले नसते. उगाच घाबरले. इतकी भीती बाळगायची तर अवकाशात जायचंच कशाला?

---

गगनबावडा_घाट
सकाळी ७.३५

@करवीर_कट्टा, भावा, मी बारा वर्षं घाटात ट्रक चालवतोय. वळणावर ओव्हरटेक मारून पलीकडं गेलास म्हणजे ओव्हरटेक बरोबर होता असं नसतंय. पलीकडनं गाडी आली नाही एवढंच.

---

करवीर_कट्टा
सकाळी ७.४१

ट्रक आणि यान एक नव्हे.

---

शाहूपुरीची_लेक
सकाळी ८.०२

एक नव्हेच. ट्रक कडेला तरी लावता येतो.

स्टारलायनर स्थानकाजवळ पोचतानाच २८ पैकी पाच थ्रस्टर बंद पडले होते, हीलियमची गळती होती ती वेगळी. परत येताना यानाचं तोंड नीट वळवायचं काम त्या थ्रस्टरांचं. ते पुन्हा रुसतील का, याची खात्री कुणी देईना. अशा वेळी २४ ऑगस्टला नासानं ठरवलं, यान रिकामं आणायचं. उतरल्यावर सगळेच शहाणे. पण कोलंबियाच्या वेळी ज्यांना गप्प बसवलं तसल्यांचं या वेळी ऐकलं गेलं, मला तर यात नासाची सगळ्यात मोठी कमाई दिसते. सुनीता १८ मार्चला, आपल्याकडं १९च्या पहाटे, २८६ दिवसांनी उतरली. भोवती डॉल्फिन आले होते, आठवतंय?

आणि दूध कट्ट्यावरच्या मंडळींना सांगा: शुभांशूच्या तारखा ढकलल्या त्यातली एक रॉकेटमधल्या ऑक्सिजनच्या गळतीमुळं. गळती नीट काढा, मगच उडवा, हा आग्रह धरणाऱ्यांत आपल्या इस्रोची माणसंही होती. तारीख पुढं गेली की धीर वाटायला पाहिजे, आपण उलटं घेतो.

---

करवीर_कट्टा
सकाळी ८.२०

ऑक्सिजनचं माहीत नव्हतं. स्टारलायनरबद्दल मात्र माझं मत तेच. नऊ महिने म्हणजे खायची गोष्ट नाही.

---

जुना_मास्तर
सकाळी ९.०५

आगीचीच भीती सगळे घालतात. इतिहासात माणसं गेली ती बहुतेक बारीकसारीक गोष्टींपायी. १९६७ मध्ये रशियाचा अंतराळवीर कोमारोव्ह गेला, पॅराशूट उघडलं नाही म्हणून. ३० जून १९७१ ला त्यांचंच सोयुझ-११ यान कझाकस्तानात अगदी वेळेवर, पॅराशूटसकट उतरलं. मदतीच्या लोकांनी बाहेरनं टकटक केलं, उत्तर नाही. दार उघडलं तर तिघेही आपापल्या जागी बसलेले, गेलेले. वरच एक झडप नको तेव्हा उघडली होती आणि आतली हवा निघून गेली. तिघं मावावेत म्हणून त्यांना दाबाचे सूट दिलेच नव्हते. तेव्हापासून सोयुझमधनं उतरताना सूट घालूनच बसतात. आपले राकेश शर्मा ११ एप्रिल १९८४ ला सोयुझमधनंच उतरले, तेही सूट घालून. शुभांशूही घालेल.

---

पन्हाळ्याचं_धुकं (धागाकर्ता)
सकाळी ९.३०

मास्तर, तुमचं हे आईला वाचून दाखवलं आणि फसलो. सूटचं वाक्य शेवटी होतं, तोवर ती उठून आत गेली होती.

---

तांबडा_पांढरा
सकाळी ९.३३

मास्तरांना शिक्षा: गुळाची एक ढेप धुक्याच्या घरी.

---

पेठेतला_पैलवान
दुपारी १.१५

एक विचारतो, हसू नका. कोल्हापूर ते मुंबई एसटी रात्रीत पोचते. हे ४०० किलोमीटर खाली यायला बावीस तास कसले?

---

उद्यमनगरी_भट्टी
दुपारी १.२८

खाली यायला तास-दीड तासच. बाकीचा वेळ घिरट्या. दीड तासाला पृथ्वीची एक फेरी होते, पण खाली पृथ्वीही फिरत असते. सॅन दिएगोच्या समुद्रावरनं जाणारी फेरी यावी लागते, तिथं लाट आणि वारा बरा असावा लागतो. दोननंतर इंजिन उलट्या दिशेनं चालवून वेग मोडतील, तिथनं परतीचं दार बंद. कोनही नेमका लागतो. फार उभं आलं तर आग आणि अंगावर दाब जास्त, फार उथळ आलं तर रंकाळ्यात चपटी खापरी टप्पे घेत जाते तसं होणार.

---

पन्हाळ्याचं_धुकं (धागाकर्ता)
दुपारी २.१२

इंजिन चालू झालं म्हणतायत. वीज आहे. (रिमझिम चालू आहे, त्यामुळं हे सांगणं गरजेचं.) शेजारच्या दोन काकू आल्यात. आई खुर्चीवर नाही, जमिनीवर बसलीय.

---

शाहूपुरीची_लेक
दुपारी २.३५

आता काही मिनिटं आवाज बंद होईल. यानाभोवती तापलेल्या वायूचं आवरण होतं, त्यातनं रेडिओ जात नाही. काकूंना आधीच सांगून ठेवा. हे दर वेळी होतं, काही बिघडलं म्हणून नाही.

---

पन्हाळ्याचं_धुकं (धागाकर्ता)
दुपारी २.५४

सांगितलं. तरी ती सहा-सात मिनिटं खोलीत कुणी बोललं नाही. शेजारच्या काकूंनी हातातली शेंग सोलायची थांबवली होती. आवाज परत आल्यावर पहिली शेंग फुटली ती ऐकू आली.

---

गगनबावडा_घाट
दुपारी २.५९

पॅराशूट!! आधी दोन छोटी, आता चार मोठी. चारी उघडली. मोजली.

---

तांबडा_पांढरा
दुपारी ३.०२

टेकलं रं टेकलं!! नाद खुळा!

---

करवीर_कट्टा
दुपारी ३.०४

डोळ्यांत पाणी आलं राव.

---

उद्यमनगरी_भट्टी
दुपारी ३.१०

खालची बाजू बघा कशी करपलीय. ताजी लॅडल रिकामी केल्यावर दिसते तशी. सुंदर.

---

पेठेतला_पैलवान
दुपारी ३.१२

@धुकं, झाला का केर काढून?

---

पन्हाळ्याचं_धुकं (धागाकर्ता)
दुपारी ३.१५

मी उठलो होतो. आई म्हणाली, "थांब. दार उघडू दे."

मास्तर, हे तुमच्यामुळं.

---

जुना_मास्तर
दुपारी ३.१८

मान्य. मीही टीव्हीपुढनं हललो नाही.

---

पन्हाळ्याचं_धुकं (धागाकर्ता)
दुपारी ३.५८

बोटीवर घेतलं, दार उघडलं, एकेक जण बाहेर. शुभांशूला दोघांनी दंडाला धरलंय, पाय जरा डगमगतात, पण हसतोय, हात हलवतोय. आई म्हणाली, "वाळलाय." मग उठली, पदर खोचला आणि केरसुणी माझ्या हातात न देता स्वतःच घेतली. शेंगांची टरफलं बरीच झालीत.